जावाला ‘कुठलंही’ होस्टिंग चालत नाही

मुंबई-ठाण्यातल्या डेव्हलपरांच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. जावा या भाषेत लिहिलेल्या ॲप्लिकेशनसाठी होस्टिंग, म्हणजे ते चालवायला भाड्याने घ्यायची सर्व्हरवरची जागा, निवडताना डोकेफोड करू नका. छोट्या कामाला मोठा क्लाउड लागत नाही. ‘अनलिमिटेड’ लिहिलेला स्वस्तातला शेअर्ड प्लॅन (एका सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकं) घ्या, टॉमकॅट (जावाची वेब ॲप्स चालवणारं सॉफ्टवेअर) सगळेच देतात. छोट्या ॲपला ५१२ एमबी रॅम पुरते. सर्व्हर अमेरिकेत असला तरी सीडीएन (प्रती गिऱ्हाइकाजवळ ठेवणारं सर्व्हरांचं जाळं) लावलं की झालं. ९९.९ टक्के अपटाइमची (सर्व्हर चालू राहण्याची) हमी असली की बाकीची काळजी कंपनीची. आणि एवढं करून जमलं नाही तर जावाच सोडा, त्याची मालक कंपनी ओरॅकलने ते फुकट ठेवलेलं नाही.

यावर विसंबून प्लॅन घेणारी माणसं मला रोज भेटतात. पतपेढ्या, क्लासवाले, सोसायट्यांची कामं घेणारे दोघं-तिघं मित्र. ते तीन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरतात, कारण सूट तशीच असते. मग ॲप चालत नाही आणि खापर जावावर फुटतं. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘अनलिमिटेड’पासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. शेअर्ड होस्टिंगची घडण मुळात पीएचपी या वेबच्या भाषेसाठी झाली. विनंती आली की स्क्रिप्ट चालते, उत्तर देते आणि आपली मेमरी मोकळी करते. एका सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं बसवता येतात ती यामुळेच. जावाचं तसं नाही. जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, एकदा सुरू झालं की दिवसरात्र मेमरी धरून बसतं, आणि त्याने तसं बसावं हेच अपेक्षित आहे. क्लासेस (कोडचे घटक) लोड झालेले असतात, डेटाबेसची कनेक्शन्स उघडी असतात, जेआयटी या जेव्हीएममधल्या कंपायलरने वारंवार लागणारा कोड मशीन कोडमध्ये आणून ठेवलेला असतो. जावाचा वेग या सततपणातून येतो. ‘अनलिमिटेड’ हा शब्द डिस्क आणि ट्रॅफिकसाठी वापरलेला असतो. एका प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, किती मेमरी घ्यायची याची मर्यादा अटींच्या पानावर खाली कुठेतरी असते.

लालबागमधल्या एका पतपेढीचं पिग्मीचं ॲप अशाच प्लॅनवर होतं. एजंट संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून पैसे घेतात आणि मोबाइलवर नोंद करतात. नेमकं त्याच वेळेला ॲप बंद पडायचं. लॉग, म्हणजे ॲपची नोंदवही, उघडला तर शेवटची ओळ एका साध्या पावतीची, तीही अर्धवट. त्यानंतर काहीच नाही. एक्सेप्शन (चूक झाल्याची नोंद) नाही, मेमरी संपल्याची तक्रार नाही. पॅनेलमध्ये प्रोसेससमोर एकच शब्द होता, ‘किल्ड’. बिचारा डेव्हलपर आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होता. कोडमध्ये चूक नव्हतीच. हीप, म्हणजे ॲपचा डेटा ठेवायची जेव्हीएममधली मेमरी, भरली तर जेव्हीएम स्वतः आऊट ऑफ मेमरीची एरर देतं आणि ती लॉगमध्ये दिसते. पण संपूर्ण प्रोसेसने बाहेरची मर्यादा ओलांडली तर लिनक्स ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम तिला जागच्या जागी मारते, जेव्हीएमला एक ओळ लिहायचीही सवड मिळत नाही. डॉकरमध्ये (ॲप बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं साधन) हेच १३७ या एक्झिट कोडने दिसतं. लॉग असा मध्येच तुटलेला दिसला, तर कोड उघडण्याआधी मेमरीची मर्यादा तपासा.

यातूनच ५१२ एमबीचा मुद्दा येतो. बरेच जण हीपचा आकडा म्हणजे जावाची एकूण मेमरी असं धरून चालतात. हीपच्या बाहेर क्लासेसची माहिती ठेवणारं मेटास्पेस असतं, जेआयटीचं कोड कॅश असतं, डायरेक्ट बफर असतात, आणि प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकेकाचा, स्टॅक (त्याची स्वतःची मेमरी) असतो. ६४-बिट लिनक्सवर हा स्टॅक नेमून न दिल्यास १ एमबीपर्यंत वाढू शकतो, आणि टॉमकॅट मुळात २०० थ्रेडपर्यंत जायला मोकळं असतं. सगळे थ्रेड एकदम तेवढी जागा घेत नाहीत हे खरं, पण संध्याकाळच्या गर्दीत हिशेब वर चढतो. दुसरीकडे, एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) दिलं नाही तर जेव्हीएम उपलब्ध मेमरीच्या साधारण पाव हिस्सा हीपला देतं, म्हणजे ५१२ एमबीत १२८. स्प्रिंग बूट (जावा ॲप उभारायचा सांगाडा) आणि हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) वापरणारं ॲप तेवढ्यात सुरू होईल, पण नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला उसंत मिळणार नाही. हीप वाढवावी तर बाहेरच्या गोष्टींना जागा उरत नाही.

अजून एक गोष्ट प्लॅनच्या तक्त्यात कुणी बघत नाही. दोनपेक्षा कमी कोअर (प्रोसेसरचे भाग) किंवा पावणेदोन जीबीपेक्षा कमी मेमरी दिसली की हॉटस्पॉट हे नेहमीचं जेव्हीएम आपणहून सीरियल गार्बेज कलेक्टर निवडतं. साफसफाई एकाच थ्रेडवर होते आणि तेवढा वेळ बाकी सगळं थांबतं. छोट्या हीपला ते चालून जातं, पण तुमच्या लॅपटॉपवर जी१ हा दुसरा कलेक्टर चालत होता आणि सर्व्हरवर वेगळंच काही चालतंय हे माहीत असायला हवं. माझ्या मते खऱ्या गिऱ्हाइकांच्या जावा ॲपसाठी २ जीबी रॅम आणि दोन कोअर ही सुरुवात आहे. डेटाबेसही त्याच मशीनवर असेल तर ४ जीबी घ्या. आणि जावा ८ची जुनी आवृत्ती कंटेनरमध्ये चालवत असाल तर ८यू१९१च्या खाली राहू नका. त्याआधीची जेव्हीएम कंटेनरची मर्यादा न बघता अख्ख्या मशीनची मेमरी मोजायची आणि त्यावर हीप ठरवायची.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र बरोबर आहे. छोट्या कामाला मोठ्या क्लाउडचा सगळा पसारा लागत नाही. कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा), लोड बॅलन्सर (गर्दी वाटून देणारा), तीन-तीन सर्व्हर हे पतपेढीच्या ॲपला ओझंच होतं. एक साधा व्हीपीएस (आपल्यापुरता आभासी सर्व्हर), त्यावर ओपनजेडीके (जावाचं मोफत रूप), समोर एनजिनएक्स (विनंत्या पुढे पाठवणारा वेब सर्व्हर), आणि जार फाइल (ॲपचं एकत्र पॅकेज) सिस्टमडी या लिनक्सवर प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या यंत्रणेची सर्व्हिस म्हणून, एवढं पुरतं. प्रोसेस पडली की सिस्टमडी ती पुन्हा उचलतं. एसएसएच (सर्व्हरवर दुरून शिरायची सोय) असल्यामुळे थ्रेड डंप आणि हीप डंप, म्हणजे त्या क्षणीच्या थ्रेडची आणि मेमरीची नोंद, घेता येतो. शेअर्ड प्लॅनवर बहुतेक वेळा हे करताच येत नाही, मग बंद का पडलं हे कळणार कसं?

‘टॉमकॅट सगळेच देतात’ हे ऐकून माझा प्रश्न असतो, कुठलं? टॉमकॅट ९ जुन्या जावाएक्स पॅकेजांवर (कोडच्या संचांवर) चालतं, टॉमकॅट १० त्यांच्याच नव्या नावावर, जकार्तावर. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ला किमान जावा १७ आणि जकार्ता लागतं. त्याची वॉर फाइल (टॉमकॅटवर टाकायचं पॅकेज) टॉमकॅट ९वर टाकली तर बहुतेक वेळा मोठी एररही दिसत नाही. डिप्लॉय झाल्याचा मेसेज येतो आणि प्रत्येक पानावर ४०४ (पान सापडलं नाही) मिळतं, कारण जुन्या टॉमकॅटला तुमचा सुरुवातीचा क्लास ओळखूच येत नाही. शिवाय कित्येक शेअर्ड प्लॅनमध्ये एकच टॉमकॅट अनेकांना वाटलेलं असतं. शेजाऱ्याच्या ॲपने मेमरी खाल्ली की तुमचंही ॲप झोपतं, आणि रीस्टार्ट तुमच्या हातात नसतो. स्प्रिंग बूटच्या जारमध्ये टॉमकॅट आतच असतं, त्यामुळे कंपनी टॉमकॅट देते का यापेक्षा आपली प्रोसेस आपल्याला चालवू देते का, हे विचारा.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जावा १८ येईपर्यंत, म्हणजे मार्च २०२२पर्यंत, अक्षरांचं डीफॉल्ट एन्कोडिंग (ती साठवायची पद्धत) ऑपरेटिंग सिस्टमच्या लोकेलवरून (भाषेच्या सेटिंगवरून) ठरायचं. सर्व्हरचं लोकेल पॉझिक्स (फक्त साधी इंग्रजी अक्षरं) असेल तर फाइलमध्ये लिहिलेली खातेदारांची नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडतात. जावा ८, ११ किंवा १७वर असाल तर सुरू करताना फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ (मराठीही सामावणारं) द्या. टाइमझोनही स्पष्टपणे एशिया/कोलकाता द्या, नाहीतर यूटीसीवरच्या (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या वेळेवरच्या) सर्व्हरवर मध्यरात्रीचं व्याजाचं काम पहाटे साडेपाचला चालेल. ही पर्याय बदलायची मुभा प्लॅनमध्ये आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

आता अंतर. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या वर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसतं जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंद, आणि केबलचा वळसा धरून प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. सीडीएन चित्रं आणि सीएसएस जवळ आणून ठेवतं. खात्यातली शिल्लक, लॉगिन, पावती ही दर वेळी मूळ सर्व्हरकडेच जातात. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे ॲप एकीकडे आणि डेटाबेस दुसरीकडे. हायबरनेटने एका पानासाठी तीस क्वेरी (डेटाबेसला विचारणा) केल्या आणि प्रत्येकीला दोनशे मिलिसेकंद लागले, तर ते पान सहा सेकंदांनी उघडेल. ॲप आणि डेटाबेस एकाच डेटा सेंटरमध्ये असलेच पाहिजेत. गिऱ्हाईक मुंबईचं असेल तर सर्व्हरही इथेच ठेवता येतो. ॲमेझॉनचं मुंबई रिजन (इथल्या डेटा सेंटरांचा गट) २०१६ला सुरू झालं, गूगलचं २०१७ला, ओरॅकलचं २०१९ला. बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर ॲमेझॉनकडे इथे अमेरिकेपेक्षा जास्त आहे, हे मान्य. पण पिग्मीच्या ॲपचा डेटा असतो तरी किती?

९९.९ टक्क्यांचा हिशेब करून बघा. वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिलं तरी हमी पाळली गेली असं होतं. ती हमी बहुधा नेटवर्क आणि मशीनची असते, तुमच्या जेव्हीएमची नसते. हमी मोडली तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, गेलेला डेटा मिळत नाही. बॅकअप आपला आपणच घ्यायचा आणि दुसऱ्या शहरात ठेवायचा. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोलमडलं आणि मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटरना जनरेटर असतात, तरी सगळ्या प्रती एकाच शहरात ठेवण्याचं कारण नाही. आणि बॅकअप रिस्टोअर करून बघा. न तपासलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. लॉगचंही तेच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. लॉग दर आठवड्याला पुसणारा प्लॅन इथेच बाद होतो.

शेवटचा मुद्दा ओरॅकलचा, त्यात फार काही नाही. २०१९च्या एप्रिलपासून ओरॅकल जेडीके (जावा वापरायचा संच) ८च्या नव्या अपडेट व्यावसायिक वापरासाठी विकत घ्याव्या लागतात, एवढ्यावरून ‘जावा फुकट नाही’ ही अफवा निघाली. ओपनजेडीके तेव्हाही मोफत होतं, आजही आहे. टेमुरिन, कोरेटो, झुलू ही त्याचीच तयार बिल्ड्स आहेत आणि प्रॉडक्शनमध्ये वापरायला पैसे लागत नाहीत. होस्टिंगवाला ‘जावा लायसन्स’च्या नावाखाली वेगळी रक्कम लावत असेल, तर कुठलं जेडीके आणि कुठली आवृत्ती हे लेखी मागा. उत्तर ओपनजेडीके असं आलं तर ती रक्कम बिलातून काढायला लावा.