कोरी कॅसेट आणि चोरीचा शिक्का

गेले काही दिवस जुन्या गेमच्या वेड्यांच्या आमच्या मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. परभणीत बसून मला तो एकाच दिवसात चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘पुसून पुन्हा लिहिता येणारी कॅसेट म्हणजे सरळसरळ चोरी. बॅकअप घेणं हाही गुन्हाच. ओरिजिनल कॅसेट जन्मभर टिकते, मग बॅकअप हवाच कशाला? असली कॅसेट लावली की गेमबॉय जळतो. आणि होमब्रू म्हणजे चोरीला दिलेलं गोंडस नाव.’ शेवटी हात जोडलेले तीन इमोजी. नवख्यांसाठी: गेमबॉय म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, कॅसेट म्हणजे त्यात खोचायची गेमची डबी, आणि होमब्रू म्हणजे हौशी लोकांनी स्वतः लिहिलेले गेम. यातली जळण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्यांचं एकेक बघू.

आधी चोरीचं. पुसून लिहायचा हा धंदा खुद्द निन्टेंडोनेच केलाय. १९८६ पासून जपानच्या दुकानांत त्यांची यंत्रं असायची. फॅमिकॉम हे त्यांचं टीव्हीला जोडायचं यंत्र. त्याची आपली डिस्क न्यायची, ५०० येन द्यायचे, जुना गेम पुसून नवा भरून आणायचा. पुढे १९९७ मध्ये सुपर फॅमिकॉम या त्याच्या पुढच्या यंत्रासाठी आणि २००० मध्ये गेमबॉयसाठी त्यांनी फ्लॅश मेमरीची, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपची, कॅसेटच काढली. लॉसन नावाच्या दुकानांत ती भरून मिळायची. ही सेवा २००७ मध्ये बंद झाली.

आता आपल्याकडचं आठवा. नव्वदच्या दशकात परभणी, जालना, लातूरकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे टीव्हीला जोडायचो, ती फॅमिकॉमची नक्कल होती. सोबत ‘९९९९ इन १’ कॅसेट. त्यात खरे गेम हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच, बाकी तेच ते नाव बदलून. ती कॅसेट उघडली की हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसायचा. त्याखालची चिप कारखान्यातच भरून आलेली, तिच्यावर नंतर एक अक्षरही लिहिता यायचं नाही. म्हणजे चोरी शंभर टक्के आणि रिराइटेबल शून्य टक्के! आज मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतल्या अर्ध्या जणांनी त्याच कॅसेटवर फुंकर मारत उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्यात.

चोरी ठरते ती आत काय भरलंय त्यावरून. दुसऱ्याचे दीडशे गेम भरून विकायला ठेवलेली कॅसेट चोरीचीच, तिची वकिली मी करणार नाही. निन्टेंडो डीएस या नंतरच्या यंत्रात नकली गेम चालवणाऱ्या आर-फोर कार्डांविरुद्ध ब्रिटनच्या हायकोर्टाने २०१० मध्ये निकाल दिला, तोही काही जण पुरावा म्हणून चिकटवतायत. पण डीएसमध्ये नक्कल अडवणारं कुलूप होतं आणि ते कार्ड ते कुलूप चुकवायचं. १९८९ च्या गेमबॉयमध्ये कॅसेट वाचायला असलं काही आडवं येत नाही. चालू होताना तो कॅसेटमधल्या लोगोचे ४८ बाइट जुळतात का ते बघतो आणि पुढे जातो.

बॅकअप गुन्हा आहे का? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एए) आहे. संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याने त्याच प्रतीवरून, नाश किंवा नुकसान होईल म्हणून तात्पुरतं संरक्षण एवढ्यासाठीच बॅकअप काढला तर ते उल्लंघन धरलं जात नाही. ‘त्याच प्रतीवरून’ हे शब्द नीट वाचा. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल त्यात बसत नाही, मित्राच्या कॅसेटची नक्कलही नाही. आणि मूळ कॅसेट विकून टाकलीत तर बॅकअप ठेवायला आधार उरत नाही.

आता ‘जन्मभर टिकते’ हे वाक्य. मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो, कारण यावर विश्वास ठेवून लोक कॅसेटी कपाटात टाकून निवांत बसतात. गेम ज्या चिपमध्ये असतो ती खरंच टिकाऊ असते. पण तुम्ही खेळलेलं, सेव्ह केलेलं सगळं बऱ्याच कॅसेटींत वेगळ्या चिपमध्ये असतं आणि ती चिप एका बटण सेलवर जगते. सेल संपला की सेव्ह गेली.

गेल्या मे महिन्यात भाचा सेलूहून आला. त्याच्या बापाने कधीकाळी दुबईहून आणलेली पोकेमॉन गोल्डची कॅसेट घेऊन. दिवसभर खेळला, रात्री सेव्ह करून झोपला. सकाळी उठून बघतो तर पडद्यावर फक्त नवा गेम. ‘मामा, सेव्ह केलं होतं की! काऊन गेलं सगळं?’ ३.८ मिमीच्या खास पान्याने स्क्रू काढला. आत सीआर २०२५ सेल, पत्र्याच्या दोन पट्ट्यांनी जखडलेला. मीटर लावला तर तीन व्होल्टच्या जागी जेमतेम एक. या गेममध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, यंत्र बंद असलं तरी. त्यामुळे तो इतरांपेक्षा लवकर संपतो. त्यात पत्र्याखालच्या खोलीतलं आमचं कपाट म्हणजे मेमध्ये भट्टीच.

त्याची सेव्ह वाचली नाही. मग घाबरून मी माझी कॅसेट काढली. तिचा सेल धापा टाकत होता, पण जिवंत होता. सेल बदलायला काढला की चिपचा वीजपुरवठा तुटतो आणि होतं नव्हतं ते जातं. म्हणून आधी यूएसबीच्या रीडरने ३२ केबीची सेव्ह लॅपटॉपवर घेतली, मग जुना सेल काढून पट्टीवाला नवा सोल्डर केला आणि सेव्ह परत आत भरली. सोबत २ एमबीचा गेमही उतरवून ठेवला. आता भाच्याच्या हातात खेळायला पुसून लिहायची कॅसेट असते, ओरिजिनल डब्यात.

जळण्याचं. जुना गेमबॉय कॅसेटला ५ व्होल्ट देतो आणि स्वस्त कॅसेटींत कधी कधी ३.३ व्होल्टची चिप मधे काहीही न घालता थेट जोडलेली असते. ते चूकच आहे. चिपचं आयुष्य घटतं आणि यंत्रावरही ताण येऊ शकतो. व्होल्टेज बदलणारा भाग आहे का, हे विचारूनच घ्यावी. गेमबॉय अॅडव्हान्स या नंतरच्या यंत्राच्या कॅसेटी मुळातच ३.३ व्होल्टच्या, त्या यंत्रात एक छोटा खटका कॅसेटच्या आकारावरून जुनी की नवी ते ओळखतो. एसडी कार्डवाल्या कॅसेटी यंत्राचे सेल जास्त खातात, एवढं मात्र सोसावं लागतं. पण ‘असली कॅसेट लावली की जळतो’ हे सरसकट कोणी सांगू नये.

राहिलं होमब्रू. स्वतः लिहिलेला गेम स्वतःच्या कॅसेटमध्ये भरला, यात चोरी कुणाची झाली? गेमबॉयचे गेम बनवायचं जीबी स्टुडिओ हे सॉफ्टवेअर २०१९ मध्ये आलं. फुकट आणि मुक्तस्रोत, कोड न लिहिताही त्यात गेम होतो. टोबू टोबू गर्लसारख्या गेमचा तर सगळा सोर्स कोडच खुला आहे. भाचा सध्या एक गेम करतोय: घागर घेतलेली पोरगी, गल्लीत शिरलेला टँकर आणि मधे आडव्या येणाऱ्या म्हशी. म्हशी झकास जमल्यात. अडलंय नावावर. गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, चित्र ८ बाय ८ च्या चौकटींतून जुळवायचं. इंग्रजी अक्षर एका चौकटीत मावतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार आणि मधून शिरोरेघ, म्हणून एकावर एक दोन चौकटी लागतात. ‘टँकर आला’ मधला ‘आला’ छान बसला, पण ‘टँ’वरचा चंद्रबिंदू अजून ढेकणासारखा दिसतो. आतापर्यंत अकरा वेळा कॅसेट पुसून लिहिलीय. फ्लॅश चिप साधारण लाखभर वेळा पुसणं सोसते, तेव्हा चंद्रबिंदूला भरपूर वाव आहे.