नुसत्या आरामाने ताकद येत नाही

'घरी आल्यावर नीट खाल्लं, भरपूर आराम केला की महिनाभरात ताकद परत येते' हे आयसीयूतून घरी परतलेल्या रुग्णांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझे वडील न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर होते. घरी आणलं तेव्हा फुफ्फुसं सुधारली होती, पण कमोडवरून उठता येईना, शर्टाचं बटण लावता येईना. अंडी, प्रोटीन पावडर सगळं चालू होतं. येणारा प्रत्येक पाहुणा 'पडून राहा, दगदग नको' म्हणायचा. खरा फरक पडला तो फिजिओथेरपिस्ट येऊ लागल्यावर. आधी पलंगाच्या कडेला बसणं, मग खुर्चीतून उठबस, बऱ्याच काळाने जिना.

आयसीयूत स्नायू तर झिजतातच, पण अनेकांच्या नसांनाही इजा होते आणि ती भरून यायला महिनोन्महिने लागतात. २००३ साली कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एआरडीएसमधून, म्हणजे फुफ्फुसांना तीव्र सूज येऊन श्वास अपुरा पडण्याच्या गंभीर आजारातून, वाचलेले ते रुग्ण वर्षानंतरही सहा मिनिटांत निरोगी माणसाकडून अपेक्षित अंतराच्या जेमतेम दोन तृतीयांश चालू शकत होते, आणि त्यांचं मध्यक वय होतं ४५, म्हणजे साधारण निम्मे रुग्ण त्याहून तरुण! आमच्या डिस्चार्जच्या कागदावर औषधांची लांबलचक यादी होती, व्यायामाबद्दल अक्षरही नव्हतं. रुग्णाला घरी नेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून हातापायांची ताकद तपासून व्यायाम लिहून घ्या, एवढं तरी लेखात यायला हवं होतं.