मोबाईल बाहेर ठेवा, इंटरनेट शाळेत राहू द्या

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. त्याचं सार असं: स्वीडनने शाळांतून डिजिटल शिक्षण हद्दपार केलं, फ्रान्सने कायद्याने बंदी घातली, युनेस्कोनेही तेच सांगितलं. तेव्हा आपल्या शाळांतलं इंटरनेट काढून टाका, शिक्षकांचे मोबाईल गेटवर जमा करा, आणि इंटरनेट ठेवावंच लागलं तर फिल्टर लावा, म्हणजे काळजी मिटली. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा मजकूर मोठ्याने वाचला गेला आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. त्या पालकांची काळजी खरी आहे, माझीही तीच आहे. पण त्यातून निघालेला उपाय मुलांना आणखी एकटं पाडणारा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी परदेशांचं. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले आणि सहा वर्षांखालच्या मुलांचं डिजिटल शिक्षण थांबवायचं ठरवलं, हे खरं आहे. लहान मुलांच्या हाती आधी पुस्तक आणि पेन्सिल हवी, हे मलाही मान्य आहे. पण बालवाडीबद्दलचा निर्णय आठवीच्या संगणक कक्षाला लावता येत नाही. फ्रान्सचा २०१८ चा कायदा आहे मोबाईलच्या वापरावर, आणि शिकवण्यासाठी लागणारा वापर त्यातून वगळलेला आहे. ऑस्ट्रेलियाचं नावही काही जण यात जोडतात. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. शाळेत इंटरनेट वापरायला मनाई नाही.

युनेस्कोचा २०२३ चा अहवाल तर उलट कारणासाठी वाचायला हवा. वर्गात एकदा लक्ष उडालं की ते परत जागेवर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असं तो सांगतो. सरसकट बंदी मात्र तो मागत नाही. शिकण्याला खरोखर मदत होत असेल तिथेच तंत्रज्ञान वापरा, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

म्हणजे या मजकुरात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे: मुलाच्या खिशातला मोबाईल, समाजमाध्यमावरचं खातं आणि शाळेतलं इंटरनेट. पहिल्याबद्दल माझं पालकांशी भांडण नाहीच. शाळेच्या वेळेत मुलाकडे मोबाईल नको. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात वर्गात मोबाईल वापरू देऊ नये, शक्य तिथे तो जमा करून घ्यावा असं सांगितलं. त्याच निकालात सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, असंही म्हटलं आहे. मुलांना ऑनलाइन वागण्याच्या रीती शाळेने शिकवाव्यात, असंही त्यात आहे. गटांवर फिरताना हा शेवटचा भाग गळून पडतो.

आता मूळ समज: शाळेत इंटरनेट नसलं की मुलं सुरक्षित राहतात. ‘असर’ या शिक्षणाच्या अहवालाची २०२४ ची ग्रामीण भारताची पाहणी बघा. चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. आणि समाजमाध्यमं वापरणाऱ्यांतही त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे सुमारे ६२ टक्क्यांनाच माहीत होतं. मुलं इंटरनेटवर आहेतच. घरी, रात्री, वडिलांच्या फोनवर, एकटी.

गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत वही घेऊन आला. ‘बाई, हे खरंय का?’ त्याने एनएमएमएस ही आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा दिली होती आणि वडिलांच्या फोनवर संदेश आला होता की शिष्यवृत्ती मंजूर झाली, लिंक उघडून बँकेची माहिती भरा. शाळेत फोन आणायचा नाही, म्हणून त्याने ती लांबलचक लिंक वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने उतरवून आणली होती. एक अक्षर चुकलेलं खोडून पुन्हा लिहिलेलं. आम्ही संगणक कक्षात गेलो. ती लिंक उघडली नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल उघडलं आणि दोन्ही पत्ते शेजारी ठेवून वाचले. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघ, म्हटलं. खऱ्या पत्त्यात तिथे ‘जीओव्ही डॉट इन’ येतं. वहीतल्या पत्त्यात ‘स्कॉलरशिप’ होतं, ‘गव्ह’ होतं, पण शेवट भलताच होता. त्याने बोट ठेवून तीनदा वाचलं. मग म्हणाला, ‘बाबांनी अजून भरलं नाहीये.’ त्याच दुपारी मी वडिलांना फोन केला आणि आर्थिक फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक लिहून घ्यायला सांगितलं.

त्या दिवशी शाळेत इंटरनेट नसतं, तर त्या वहीतल्या पानाचं मी काय केलं असतं?

फिल्टरबद्दल थोडक्यात. फिल्टर लावाच, आमच्याकडेही आहे. पण तो शाळेच्या जोडणीपुरता असतो, घरच्या फोनवर त्याचा काही उपयोग नाही. अमेरिकेने अनुदान घेणाऱ्या शाळांना २००० च्या कायद्याने फिल्टर सक्तीचे केले. पुढे २००८ मध्ये त्यांनाच, ऑनलाइन कसं वागायचं आणि छळ झाला तर काय करायचं हे मुलांना शिकवण्याची अट घालावी लागली.

राहिला शिक्षकांचा मोबाईल. तो गेटवर ठेवला तर पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी, यू-डायस या सरकारी नोंदप्रणालीतली शाळेची माहिती कुठून भरायची? या नोंदींसाठी आम्हाला वेगळं साधन दिलेलं नाही, डेटा आमच्याच पैशांचा आहे. किती मुलं जेवली हा आकडा भरायला मी रेंजसाठी मैदानाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली उभी असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की बाई मोबाईलवर आहेत. हे काम शाळेच्या संगणकावर करू द्या, वर्गात फोन नेणं मी आनंदाने बंद करीन.

पण शिक्षकांकडून खरी चूक होते ती वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल हा मजकूर गप्प आहे. मुलांचे आधार क्रमांक असलेल्या याद्यांचे फोटो आम्ही घाईघाईत गटावर टाकतो. मुलांचे फोटो नावासकट फेसबुकवर जातात. मीही टाकले आहेत. मोफत गणवेश घेतानाचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता. त्यातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी खाली मान घालून म्हणाली, ‘बाई, तो काढा ना.’ आपण गरीब आहोत हे गावभर दिसलं, असं तिला वाटलं होतं. मी तिला विचारलंच नव्हतं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला रात्री खासगी संदेश पाठवू नये, बोलायचं ते पालक असलेल्या गटात बोलावं, हाही नियम लेखी हवा. बंदी मागणाऱ्या पालकांनी आम्हाला या गोष्टींचा जाब विचारावा. तो त्यांचा हक्क आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. मोठ्यांनीही ठेवायचे, एकट्या मुलांनी नाही. तिथे कोणी इंटरनेट तोडलं नाही, घराघराने वेळ पाळली. आमच्या गावात हे करायचं तर शाळेची घंटा द्यायला मुख्याध्यापक तयार आहेत.

पुढच्या बैठकीसाठी मी एका पानाचा मसुदा लिहिला आहे: मुलांचे फोन घरी, संगणक कक्षात शिक्षक हजर असतानाच इंटरनेट, संगणकांचे पडदे दाराकडे तोंड करून, आठवड्याला एक तास लिंक, पासवर्ड आणि ब्लॉक करणं शिकवायला, आणि फोटोसाठी आधी पालकांची लेखी संमती व मुलाचा होकार. हा मसुदा वाचून दुरुस्त करायला मला दोन पालक हवे आहेत. त्या बैठकीत मान डोलावलेल्यांपैकीच कोणी आलं, तर जास्त बरं.