क्लासिकला हात लावू नये म्हणे! मग चोप्रांनी काय केलं होतं?

तो महाभारतवाला फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बी. आर. चोप्रांचं महाभारत हेच खरं, ते व्यासांच्या मूळ ग्रंथाबरहुकूम होतं, धंदा म्हणून नाही तर श्रद्धेने केलेलं होतं आणि म्हणूनच रस्ते ओस पडायचे; 2013 चं स्टार प्लसचं म्हणजे जिममधले मॉडेल, दागिने आणि स्लो मोशन; क्लासिकचा रिमेक करणं हेच पाप; मुलांना जुनंच दाखवा.

आधीच सांगते, मी जुन्या पार्टीतली आहे. जुन्या सिरियलीतला निवेदक समय, त्याचा हरीश भिमाणींचा आवाज लागला की हातातलं काम सोडून बसते, आणि नवं येणार कळलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. पण आवडणं वेगळं आणि वाट्टेल ते ठोकून देणं वेगळं.

पहिलं, मूळ ग्रंथाबरहुकूम. अहो मूळ म्हणजे कुठलं? पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुन्या प्रती ताडून मूळच्या जवळचा पाठ ठरवायचं, काम हातात घेतलं, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून बघितली आणि काम संपलं ते 1966 ला. त्या आवृत्तीत मयसभेचा प्रसंग काढून वाचा. दुर्योधन पाण्यात पडतो, भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात, नोकरचाकरसुद्धा हसतात. द्रौपदीही बायकांसोबत हसली असं दुर्योधनच नंतर बापापुढे रडगाणं गाताना सांगतो. पण तो सगळ्यांना तोंडपाठ असलेला टोमणा, आंधळ्याचा मुलगा आंधळा, तो त्यात नाहीच. चोप्रांच्या सिरियलमध्ये आहे आणि द्रौपदीच्याच तोंडी आहे, आणि त्या एका वाक्यावर अख्खं युद्ध तिच्या माथी मारणारे काका-मामा प्रत्येक लग्नात भेटतात. स्वयंवरात ती कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, तेही जुन्या सिरियलीत आहे आणि चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. आणि ज्याच्या आवाजावर मी जीव टाकते तो समय नावाचा निवेदक, तो व्यासांचा नाही, सिरियलीचे संवाद लिहिणाऱ्या राही मासूम रझांचा आहे. म्हणजे त्या सिरियलीतली सगळ्यात भारी गोष्टच मुळात नव्याने घातलेली आहे! (रझा लिहिणार म्हटल्यावर तेव्हाही नाराजीची पत्रं आली होतीच, ते या फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.)

धंदा नव्हता, हे तर सोडूनच द्या. दूरदर्शनवर प्रायोजक होते, जाहिराती होत्या, आणि त्या साबण-पावडरच्या जाहिराती संपेपर्यंत चहा टाकून यायचा हे ज्यांनी बघितलंय त्यांना तरी हे सांगू नका.

रस्ते ओस पडायचे हे मात्र खरंय. 2 ऑक्टोबर 1988 ते जून 1990, रविवारी सकाळी गल्लीत चिटपाखरू नसायचं. पण बाबांनो, बहुतेक घरांत दूरदर्शन सोडून दुसरं काय दिसत होतं? नव्याला शेकडो चॅनेलांच्या गर्दीत रोज रात्री उभं राहायचं होतं. आणि इथेच त्या स्लो मोशनचं उत्तर आहे. जुन्याचे 94 भाग, आठवड्याला एक, प्रत्येक पाऊण तासाचा. नव्याचे 267, आठवड्याला पाच-सहा, जाहिराती वगळून वीसेक मिनिटांचे. एकूण तास मोजले तर नवं साधारण सवापट भरतं, पण खरा फरक पडतो तो दर वीस मिनिटांनी एक झटका द्यावाच लागतो त्याने, मग सभेतल्या प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा जातो, ढोल वाजतात आणि शकुनीच्या भुवईवर भाग संपतो. मलाही ते झेपत नाही, फास्ट फॉरवर्ड करतेच. पण तो डेली सोपचा रोग आहे, रिमेकचा नव्हे.

जिममधले मॉडेल, बरं. जुने कोण होते? कृष्ण झालेला नितीश भारद्वाज आपला मराठी माणूस, शिक्षणाने गुरांचा डॉक्टर. भीम झालेले प्रवीण कुमार तर थाळीफेकपटू, 1966 आणि 1970 च्या एशियाडची सुवर्णपदकं घेतलेले. नवा भीम सौरव गुर्जर पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. म्हणजे दोन्ही भीम मैदानातलेच, एकाला दंडवत आणि दुसऱ्याला मॉडेल, असं का?

आता जिथे फॉरवर्डवाल्यांशी मी सहमत आहे ते. द्यूतसभा. जुन्यातली द्रौपदी, रूपा गांगुली, सभेत एकेकाला जाब विचारते तेव्हा आवाज फाटतो, केस तोंडावर आलेले, आणि मुकेश खन्नांचे भीष्म नुसते मान खाली घालून बसलेत. बघणाऱ्यालाच लाज वाटते. नव्यात पूजा शर्माने जीव ओतलाय, पण मागे संगीत इतकं की तिला श्वास घ्यायला जागा नाही. आणि नव्या कृष्णाची ती प्रवचनं, जी आता रोज कुणाच्या तरी स्टेटसला असतात, ती खरंच आवरा. उलट कृष्ण-द्रौपदीची मैत्री नव्याने जेवढी निवांत रंगवली तेवढी जुन्याला जमली नाही, मला आवडली, आणि हे कबूल करताना थोडं जड जातं.

राहिलं रिमेकचं पाप. 2008 मध्ये एकता कपूरचं महाभारत आलं आणि काही महिन्यांत गुंडाळलं, कुणाचं काय बिघडलं? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लोकांनी चोप्रांचंच परत लावलं की. आणि पापच म्हणायचं तर सुरुवात आपल्यापासून करा, किर्लोस्करांनी 1882 ला सुभद्राहरणाचं संगीत सौभद्र केलं, खाडिलकरांनी ‘कीचकवध’ नाटकात कीचकाला व्हाइसरॉय कर्झन करून टाकला आणि इंग्रजांनी 1910 मध्ये ते नाटक बंद पाडलं. तेव्हा कुणी म्हटलं का, की व्यासांना हात लावू नका?

मुलांना जुनंच दाखवा म्हणे. माझ्या भाचीने नवं आधी बघितलं, मग मी हौसेने जुनं लावलं, आणि दोन बाण हवेत एकमेकांना टेकून चकाकत थांबले तेव्हा ती लोळून हसली. मी तिला रागावणार होते, पण ते बाण खरंच तसे आहेत हो. शिशुपालवधापर्यंत मात्र हलली नाही जागची, आणि आता विचारतेय की मावशी, भांडारकरवाल्यात हे कसंय.