फ्लॉपी डोळ्यांसमोर धरून सूर्याकडे बघू नका

रविवारी सकाळी कराडहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुझ्याकडे जुनी फ्लॉपी असेल का? फोडायचीय." पोरगा नववीत आहे, फ्लॉपी त्याने कधी हातातही धरलेली नाही. कशाला हवी म्हणून विचारलं, तर म्हणाला, "इन्फ्रारेड कॅमेरा करतोय. क्लासच्या ग्रुपवर आलंय. आधी फ्लॉपीतून सूर्याकडे बघून फिल्टर तपासायचा, मग कॅमेरा उघडायचा." ताईचा जुना डिजिटल कॅमेरा आणि स्क्रू ड्रायव्हर त्याने टेबलावर मांडूनही ठेवले होते. फोन चालू असतानाच दोन्ही कपाटात ठेवायला लावले आणि तो मेसेज मागवून घेतला.

दोन दिवसांत तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ट्रेकिंगच्या. मथळा असा: "जुना कॅमेरा फेकू नका, ५ मिनिटांत इन्फ्रारेड बनवा." खाली सात दावे आहेत. फ्लॉपीचा फिल्टर करून सूर्यावर तपासा. कॅमेऱ्यातली लाल काच काढून टाका. मग ताप आलेला माणूस लाल दिसेल. तुळस आणि पिंपळ सगळ्यांत पांढरे दिसतील, कारण ते २४ तास ऑक्सिजन देतात. कपड्यांच्या आरपार दिसेल. धुक्याच्या आरपार दिसेल. आणि कॅमेरा नसला तर मोबाईलच्या ॲपवर हेच सगळं होईल. मी बारा वर्षं अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, किरणांत फोटो काढतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

सूर्याचं आधी. मेसेजमधलं वाक्य आहे: "फ्लॉपीतली काळी चकती किंवा धुतलेल्या रंगीत रोलचा काळा तुकडा डोळ्यांसमोर धरा. सूर्य मंद दिसला, डोळे दिपले नाहीत, तर फिल्टर पास." हे लिहिणाऱ्याला फिल्टर कशासाठी असतो तेच कळलेलं नाही. डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). अवरक्त फिल्टरचं काम हा दिसणारा प्रकाश अडवायचा आणि त्यापलीकडचा, न दिसणारा, आत सोडायचा. म्हणजे ज्या किरणांनी डोळा भाजेल तेच हा फिल्टर मुद्दाम आत सोडतो, आणि ज्या झगमगाटामुळे आपण मान फिरवतो तो मात्र काढून टाकतो. अंधार वाटल्यामुळे बाहुली मोठी होते आणि आणखी किरण आत घेते. जवळपास १४०० नॅनोमीटरपर्यंतचे अवरक्त किरण डोळ्याचं भिंग थेट दृष्टिपटलावर एकवटतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नजरेच्या बरोबर मधोमध डाग दिसायला लागतो, आणि काही जणांचा तो कायमचा राहतो. फिल्टर जितका चांगला, तितका या 'चाचणी'तला धोका मोठा.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. नासाने १९९० च्या दशकात सूर्यग्रहणांसाठी माहितीपुस्तिका काढल्या. त्यांत डोळ्यांच्या सुरक्षेवरचा भाग राल्फ चाऊ यांनी लिहिला आहे. ते तेव्हा कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात दृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक होते. सूर्याकडे बघायला काय वापरू नये याची त्यांची यादी रंगीत फिल्मपासूनच सुरू होते. पुढे चांदी नसलेली कृष्णधवल फिल्म, चित्र उमटलेली निगेटिव्ह, काजळी धरलेली काच, गॉगल, फोटोग्राफीचे काळे फिल्टर. कारणही त्यांनी स्पष्ट दिलंय: यांतले बहुतेक पदार्थ न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात आत सोडतात आणि त्याने दृष्टिपटल भाजतं. सूर्य मंद दिसतो किंवा त्रास होत नाही, ही सुरक्षिततेची खूण नव्हे, हेही तिथे लिहिलंय. मेसेजमधली 'चाचणी' नेमकी हीच खूण मानून चालते. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, महाराष्ट्रातून ते खंडग्रास असेल, आणि हा मेसेज तेव्हा पुन्हा फिरणार म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

कॅमेऱ्यालाही हेच लागू. ज्या कॅमेऱ्यात आरसा असतो आणि भिंगातून थेट डोळ्याने बघायचं असतं, त्याला असा फिल्टर लावून सूर्याकडे रोखणं उघड्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण भिंग किरण आणखी एकवटतं. सूर्य चौकटीत घ्यायचाच असेल तर मागच्या पडद्यावर बघा. फिल्टर सूर्यावर तपासायची तर गरजच नाही. टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. दिवा लुकलुकताना दिसला की मध्ये फिल्टर धरा. तरीही दिसला तर फिल्टर अवरक्त किरण सोडतोय. झाली चाचणी.

फिल्टरबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागते. फ्लॉपीची चकती आणि पूर्ण प्रकाश लागून धुतलेला रंगीत रोलचा काळा तुकडा हे दोन्ही खरोखरच दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी अडवतात आणि अवरक्त सोडतात. भिंगासमोर लावून धूसर का होईना, फोटो येतो. तेवढं खरं. डोळ्यांसमोर धरायचा प्रश्न मात्र कुठेच येत नाही.

आता ताप. सगळ्यांत हास्यास्पद दावा हाच, आणि कोणी त्यावर विसंबून मुलाला डॉक्टरकडे नेलं नाही तर घातकही. 'अवरक्त' म्हणजे उष्णता, हा समज जुना आहे आणि त्याला आधारही आहे. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे तापमापक ठेवला. पारा चढला. हे किरण अशा रीतीने उष्णतेवरूनच सापडले. पण अवरक्ताचा पट्टा फार लांबलचक आहे. आपल्या कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर फार तर ११०० नॅनोमीटरपर्यंत बघू शकतो. माणसाचं अंग ज्या किरणांत सर्वांत जास्त उजळतं ते साधारण ९,००० ते १०,००० नॅनोमीटरचे, म्हणजे जवळजवळ दहापट लांब. कोविडच्या काळात दुकानाच्या दारात कपाळासमोर धरायचे ते तापमापक या लांबच्या पट्ट्यात काम करतात. आणि त्याहून साधी गोष्ट: हे लांबचे किरण काचेतून जातच नाहीत. म्हणून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगं जर्मेनियमची करतात. तुमच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या भिंगापाशीच तापाचा निरोप अडतो.

पटत नसेल तर बदल केलेला कॅमेरा घेऊन रात्री सगळे दिवे घालवलेल्या खोलीत बसा. फोटो काळा येतो. अंग तापलेलं असो वा नसो. विजेच्या शेगडीची कॉइल लाल व्हायच्या बेतात आली की मात्र ती या कॅमेऱ्याला दिसायला लागते. तेवढी गरम वस्तू लागते. आपण जे टिपतो ते वस्तूंवर पडून परतलेलं सूर्याचं ऊन, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या भागातलं. ताप तपासायला काखेतला तापमापक वापरा.

'लाल काच काढा, ५ मिनिटांचं काम.' मुळात अवरक्त किरण अडवणारी ती काच बहुतेकदा निळसर-हिरवट असते, आणि सेन्सरच्या अगदी पुढ्यात बसवलेली असते. तिथे पोचेपर्यंत रिबनच्या नाजूक पट्ट्या सोडवाव्या लागतात. पण खरा धोका फ्लॅशचा. कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यावर सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात. बॅटरी काढली तरी ते लगेच जात नाहीत. माझ्या एका मित्राने दोन दिवस बंद पडलेला कॅमेरा उघडला, बोट टेकलं, आणि झटक्याने हात मागे जाऊन कोपर भिंतीवर आपटलं. नववीतल्या मुलाला हे '५ मिनिटांचं काम' म्हणून सांगणाऱ्याची मला चीड येते. शिवाय काच काढून जागा मोकळी ठेवली तर फोकस बिघडतो आणि काही कॅमेऱ्यांत लांबचं दृश्य स्पष्ट होतच नाही. तिच्या जागी योग्य जाडीची दुसरी काच बसवावी लागते. हे काम करणारे लोक आहेत, त्यांना पैसे द्या.

तुळस-पिंपळाच्या दाव्याने मला जास्त वाईट वाटलं, कारण त्यामागची खरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. पानं अवरक्तात पांढरी दिसतात, हे अगदी खरं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले, त्यांच्याच नावाने याला वुड परिणाम म्हणतात. पण पांढरेपणाचा ऑक्सिजनशी संबंध नाही. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश खातं, अवरक्ताला मात्र ते जवळजवळ पारदर्शक असतं. किरण पानात शिरतात, आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटत सगळ्या बाजूंना विखुरतात आणि बाहेर पडतात. साखरेचा एकेक दाणा पारदर्शक असून ढीग पांढरा दिसतो, तसं. घाणेरी, रानमोडी, काँग्रेस गवत, सगळं तितकंच पांढरं येतं. काळा सुती सदराही कित्येकदा फिकट येतो, आणि त्यातून ऑक्सिजन निघत नाही.

पिकाची तब्येत अवरक्तावरून ओळखता येते, हे मात्र खरं आहे. पान सुकलं, पेशी ढासळल्या की हा उजेड कमी होतो. १७ मार्च १९८८ ला सोडलेल्या आयआरएस-१ए पासून भारताचे दूरसंवेदन उपग्रह अवरक्त आणि तांबडा असे वेगळे पट्टे टिपत आलेत, आणि त्या दोहोंच्या तुलनेतून हिरवाईचा अंदाज बांधला जातो. त्यासाठी मोजमाप लागतं. पांढऱ्या झाडाच्या फोटोवरून वनस्पतीचं पुण्य ठरत नाही.

कपड्यांचं. हा मुद्दा मेसेजमध्ये मुलांच्या ग्रुपवर डोळा मारणाऱ्या चिन्हासह आहे, आणि लिहिणाऱ्याची लायकी त्यातच कळते. अर्धसत्य इतकंच, की काही पातळ कृत्रिम कापडं या किरणांना अडवत नाहीत. १९९८ साली सोनीच्या हँडिकॅम या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या अंधारात टिपण्याच्या सोयीवरून हाच गदारोळ झाला आणि कंपनीने ती सोय दिवसा चालणार नाही असा बदल केला. २०२० मध्ये वनप्लसच्या एका फोनमधला असाच कॅमेरा-फिल्टर पातळ काळ्या प्लॅस्टिकच्या आरपार दाखवतो म्हणून ओरड झाली. कोणाच्या संमतीशिवाय असा फोटो काढणं हा गुन्हा आहे. मुलांना हे घरात बसवून सांगा.

धुक्याचं थोडक्यात. लांबच्या डोंगरावरचा निळसर धूसरपणा अवरक्तात खूप कमी होतो. धुकं म्हणजे पाण्याचे थेंब, त्यातून काही दिसत नाही. महाबळेश्वरला जुलैत नेऊन बघितलंय. आणि ॲप? ते हिरव्या रंगाला पांढरं किंवा गुलाबी करतं, बस. प्लॅस्टिकची हिरवी खुर्चीही गुलाबी होते.

मग सुरुवात कशी करायची? कॅमेरा न उघडता. ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्यापुढचेच किरण सोडणारा, फिल्टर घ्या, होयाचा आर७२ सगळ्यांना माहीत असतो. तुमच्या कॅमेऱ्यातली काच बहुतेक अवरक्त अडवते, म्हणून भर उन्हातही काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत शटर उघडं ठेवावं लागतं, आणि त्यासाठी ट्रायपॉड हवाच. आरशाच्या कॅमेऱ्यात फिल्टर लावण्याआधी चौकट आणि फोकस ठरवून घ्या, नंतर भिंगातून काही दिसत नाही. फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, काढा. उन्हातल्या गवतावर रोखून व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला मानायचं हे कॅमेऱ्याला सांगणारी सोय) ठरवा, नाहीतर सगळं लालभडक येतं. काही भिंगांत मधोमध उजळ ठिपका येतो. तो भिंगाचा दोष, तुमचा नाही, दुसरं भिंग लावून बघा.

घरी संगणकावर उघडाल तेव्हा आकाश विटकरी आणि झाडं निळसर पांढरी दिसतील. तांबड्या आणि निळ्या चॅनेलची, म्हणजे फोटोतल्या त्या रंगांच्या थरांची, अदलाबदल करा, आकाश निळं होतं. हे रंग 'खरे' नाहीत. सेन्सरवरच्या तीन रंगांच्या ठिपक्यांतून ७२० च्या आसपासचे किरण कमी-जास्त झिरपतात, त्या फरकातून ते तयार होतात. ८५० च्या फिल्टरला तिन्ही ठिपके जवळजवळ सारखेच वागतात, म्हणून तिथे रंग उरत नाही. पुढे कॅमेरा बदलून घेतलात तर ५९० च्या फिल्टरने सोनेरी पानं मिळतात. कोडॅकच्या एरोक्रोम फिल्मवरची लाल-गुलाबी झाडं हवी असतील तर सगळे किरण घेणारा कॅमेरा आणि पिवळा फिल्टर लागतो. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये जवळपास फक्त अवरक्त उरतं. ते बाकीच्या दोघांतून वजा करायचं, मग अवरक्त लालच्या जागी, लाल हिरव्याच्या, हिरवा निळ्याच्या. दोन संध्याकाळी जातात, पण त्या सरावाने रंग कसा बनतो ते कळतं.

भाच्याला एवढं सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे फ्लॉपी नकोच?" दिवाळीच्या सुट्टीत मी माझा फिल्टर आणि ट्रायपॉड घेऊन कराडला जातोय. दुपारी बाराला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर उभे राहू, तेव्हा ऊन कडक असतं आणि काठचं गवत अजून हिरवं असतं.