पॅलेस्टिनी भरतकामाबद्दल फिरणारा तो फॉरवर्ड चुकीचा आहे

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय की पॅलेस्टिनी भरतकाम असं वेगळं काही नसतंच, ते साधे अरबी कपडे, 1967 नंतर राजकारणासाठी त्याला संस्कृती म्हणायला लागले, दोरा तर फ्रेंच कंपनीचा, आणि आता सगळं मशीनवरच होतं. चांगले वाचणारे लोकही हे पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"साधे अरबी कपडे." थोब, म्हणजे तो लांब सैल झगा, बऱ्याच अरब देशांत घालतात हे खरंय. पण पॅलेस्टाइनमध्ये त्यावरचं तत्रीझ, म्हणजे भरतकाम, बघून बाई कुठल्या भागातली, कधीकधी थेट कुठल्या गावातली ते कळायचं. रामल्लाकडे लिननवर लाल रेशमाचं क्रॉस स्टिच, उन्हाळ्यात पांढरं कापड, थंडीत काळं. बेथलेहेमला पद्धतच वेगळी, रेशमाची आणि जरीची दोरी कापडावर वळणं घेत मांडायची आणि बारीक टाक्यांनी पक्की करायची, आणि या कामाचं इतकं नाव की आसपासच्या गावातल्या बायका लग्नाच्या झग्याचा छातीवरचा चौकोन तिथून भरून घ्यायच्या. एवढा फरक "साध्या कपड्यात" कुठून आला?

"1967 नंतर बनवलं." ब्रिटिश म्युझियममध्ये 19व्या शतकातले पॅलेस्टिनी झगे आहेत, मुद्दा इथेच संपतो.

पण राजकारणाचं म्हणाल तर नीट बोलूया. 1948 ला इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात शेकडो गावं रिकामी झाली, वेगवेगळ्या गावच्या बायका एकाच निर्वासित छावणीत आल्या, रेशीम परवडेना, गावागावाचे नमुने एकमेकांत मिसळले. मग 1987 ला पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी लोकांचा उठाव, सुरू झाला तेव्हा इस्रायलच्या ताब्यातल्या भागात पॅलेस्टिनी झेंडा लावायला बंदी होती, तर बायकांनी झेंड्याचे रंग आणि नकाशा थोबवरच भरला. ज्यांचा झेंडा काढून घेतला त्यांनी तो अंगावर घातला तर त्यात खोटं काय आहे मला खरंच कळत नाही.

"दोरा फ्रेंच." हो, डीएमसी या फ्रेंच कंपनीचा सुती दोरा आला, सोबत पॅटर्नची पुस्तकं आली, त्यातले गुलाब आणि पक्षी बायकांनी उचलले आणि आपल्या जुन्या सुरूच्या झाडांशेजारी, ताऱ्यांशेजारी बसवले. बाहेरचं सामान आलं म्हणून कला परकी होत नाही, जगातली कुठली हस्तकला मग टिकेल?

"सगळं मशीनवर." हे अर्धं खरं आहे आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, कारण हाताने पूर्ण भरलेल्या थोबला कित्येक महिने लागतात आणि छापील कापड स्वस्तात मिळतं. तरी काम बंद पडलेलं नाही. गाझात 1950 मध्ये सुरू झालेल्या सुलाफा प्रकल्पाने आणि लेबनॉनमध्ये 1969 मध्ये सुरू झालेल्या इनाश संस्थेने निर्वासित बायकांना वर्षानुवर्षं भरतकामाची मजुरी दिलीय. जानेवारी 2019 मध्ये पॅलेस्टिनी वंशाच्या खासदार रशिदा तलैब यांनी अमेरिकन काँग्रेसमध्ये शपथ घेताना थोब घातला, तेव्हा कितीतरी बायकांनी स्वतःच्या, आई-आजीच्या थोबचे फोटो टाकले. डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोनेही हे भरतकाम आपल्या वारशाच्या यादीत घेतलं.

कोणी हातकाम म्हणून विकत असेल तर कापड उलटं करून बघा. मशीनच्या भरतकामात मागे बहुतेक वेळा सगळीकडे एकाच रंगाचा, बऱ्याचदा पांढरा, दोरा दिसतो, आणि हाताच्या कामात पुढे जे रंग आहेत तेच मागे असतात.