‘ऑपरेशन बिघडलं की पुन्हा पोट फाडायचंच’?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल एक मेसेज ग्रुपवरून ग्रुपवर फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: स्लीव्ह किंवा बायपासनंतर काही बिघडलं तर पुन्हा पोट उघडण्यावाचून इलाज नाही, एंडोस्कोपी नुसती बघण्यापुरती, आणि उलट्या तर होणारच, त्या सोसायच्या.

पहिला मुद्दा गळतीचा. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची स्टेपल मारून अरुंद नळी करतात. ही शिवण सुटलीच तर बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या जोडाजवळ सुटते. तिथे पुन्हा टाके घालायला गेलं तर सुजलेल्या भागात ते धरत नाहीत. शिवाय नळी खाली आवळलेली असेल तर आतला दाब वर चढतो आणि भोक बुजतच नाही. म्हणून एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, आधी फुग्याने ती आवळलेली जागा रुंद करतात. मग दोन्ही टोकं गुंडाळलेली बारीक प्लॅस्टिकची नळी भोकातून बसवतात: एक टोक भोकाबाहेर साठलेल्या पुवाच्या पोकळीत, दुसरं जठरात. पू आतच निचरतो, पोकळी हळूहळू आक्रसते. काही ठिकाणी नाकातून नळी घालून तिच्या टोकाचा स्पंज पोकळीत ठेवतात आणि बाहेरून सक्शन लावतात. तो दर तीन ते पाच दिवसांनी बदलावा लागतो. धातूचा जाळीदार स्टेंटही चालतो, पण तो जागचा सरकतो, ही त्याची खोड.

हे काम आठवड्यांचं आहे, कधी महिन्यांचं. ‘एका दिवसात घरी’ म्हणणारी जाहिरातही या मेसेजइतकीच फसवी. आणि पू पोटभर पसरलाय, रक्तदाब कोसळतोय, अशा पेशंटला थिएटरमध्येच न्यावं लागतं. तेवढ्यापुरता मेसेज खरा.

उलट्या सोसायचा सल्ला मात्र घातक आहे. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. पहिल्या काही महिन्यांत हा जोड आकसू शकतो; आधी घन पदार्थ अडकतात, मग पाणीही. फुग्याने तो रुंद करता येतो, बहुतेकांना एक-दोनदा पुरतं. दरम्यान शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो आणि त्याचा फटका मेंदूला बसू शकतो. अशा पेशंटला नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावू नये, आधी थायमिन, म्हणजे हेच बी-१, द्यावं.

जोडावरच्या व्रणाचं खापर मेसेज सर्जनवर फोडतो. कधी ते खरंही असेल, पण सिगारेट आणि मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं ही नेहमीची कारणं आहेत.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. बायपासनंतर, अगदी काही वर्षांनीही, आतडं जोडणीमुळे पोटात राहिलेल्या फटीत अडकू शकतं. पोटात कळा येतात आणि एंडोस्कोपी मात्र नॉर्मल निघते. तिथे सीटी स्कॅन लागतो, आणि तोही कधी चकवतो. मग लॅपरोस्कोपीनेच, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने बघूनच, उलगडा होतो. कॅज्युअल्टीत ‘माझा बायपास झालाय’ म्हणालात तर डॉक्टर हृदयाचा समजतील. ‘पोटाचा’ हे आधी सांगा.